धुईचं विरजण

आईचं रक्त स्वच्छ निघालं, तेव्हा डॉ. ईश्वरी वाकचौरेला आनंद व्हायच्या आधी यंत्राचा राग आला. तिने रेणुमापक धुऊन काढला, नवी नळी लावली आणि तोच नमुना पुन्हा आत सोडला. पडद्यावरची रेघ पुन्हा तळाशी सरळ पडून राहिली. धुईन शून्य. शेजारच्या पडद्यावर तिच्या वडिलांची, आबांची रेघ होती. ती वरच्या कडेला जाऊन टेकली होती आणि खाली यायचं नाव घेत नव्हती.

"यंत्राला शिव्या घालून झाल्या असतील तर मी बोलू का?" रियाज मुजावर दारातून म्हणाला. हा मूळचा मिरजेचा, जीवाणूंचा अभ्यासक. नाशिकच्या या विषनिदान केंद्रात दोघांनी बरोबरच नोकरी धरली होती, आणि ईश्वरीच्या रागाला न घाबरणारा केंद्रात तो एकटाच होता.

"एकाच कढईतली भाजी, रियाज. दीड वर्षं दोघांनी एकाच कढईतली भाजी खाल्ली. आबा वरच्या मजल्यावर श्वासयंत्राच्या वाटेवर आहेत, आणि आई खाली उपाहारगृहात बसून ताकात मीठ कमी पडलं म्हणून तिथल्या माणसाला सुनावतेय."

"तुझी आई आहे. तिच्याजवळ जायला विषही बिचकत असेल," तो म्हणाला. पण हसला नाही, कारण ती हसण्याच्या जवळपासही नव्हती.

भाजी धुईची होती, आणि धुई ही कांगणीच्या जातीतली. म्हणजे वांगं, बटाटा, मिरची आणि धोतरा यांच्या गोतावळ्यातली. हा गोतावळा मोठा लबाड. जेवू घालणारे आणि जीव घेणारे त्यात गुण्यागोविंदाने नांदतात. सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे ढग महिनोन्महिने जमिनीला टेकून असतात, तिथे कातळाच्या भेगांत धुई उगवायची. वरली माची नावाच्या ठाकर वस्तीपलीकडे तिला कुणी ओळखत नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत तिच्या वाट्याला दोन ओळी आल्या होत्या, आणि त्यातली एक 'विषारी असण्याची शक्यता' अशी होती.

मग उन्हाळे असे तापू लागले की देशावरच्या पालेभाज्या रोपातच करपल्या. मेथीची जुडी लग्नात आहेर म्हणून द्यावी अशी चीज झाली. धुईला मात्र पाऊस लागत नव्हता. पानांवरच्या बारीक लवेने ती हवेतला दमटपणा शोषायची आणि पहाटेच्या दवावर खुशाल वाढायची. ईश्वरीने ती खाली आणली. प्रयोगशाळेत धुईचं विषद्रव्य वेगळं काढून त्याला 'धुईन' हे नाव तिनेच दिलं. काचेच्या बशीतल्या मानवी पेशी त्या धुईनने पटापट मेल्या. पण माचीवरची माणसं तर पिढ्यानपिढ्या हीच भाजी खाऊन डोंगर चढत-उतरत होती. तेव्हा ठरलं की माणसांवरच पारख करायची. चाळीस स्वयंसेवक, त्यात ईश्वरीही, एक अख्खा हंगाम माचीवर राहिले आणि दोन्ही वेळा धुई जेवले. कुणाच्याही रक्तात धुईनचा कण सापडला नाही. शिजवताना विष मोडून पडत असणार, असा निष्कर्ष ईश्वरीने लिहिला आणि खाली सही केली.

त्यानंतर धुई घराघरांतल्या कुंड्यांत गेली. आबांनी तर गच्चीभर लावली. ते निवृत्त मुख्याध्यापक. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला गच्चीवर नेऊन "ही आमच्या लेकीची भाजी" म्हणून दाखवायचे आणि दोन्ही वेळा मागून मागून खायचे. त्यांना ती फारशी आवडत नाही, हे ईश्वरीला ठाऊक होतं. ते खायचे ते अभिमानाने.

वर्षभराने माणसांची बोटं थरथरू लागली, जिभा जड झाल्या, मग छातीचे स्नायू थकले. धुईन शिजवून मोडत नव्हतं. ते चरबीत गुपचूप साठत होतं आणि साठा ओसंडला की रक्तात उतरत होतं. पहिल्या मृत्यूच्या बातमीबरोबर ईश्वरी स्वतः मंत्रालयात गेली. तिने बचावाचा एक शब्द काढला नाही. धुईवर बंदी घाला, रोप न् रोप नष्ट करा, आणि सुरुवात मुळापासून, म्हणजे माचीवरून करा, असं तिने लेखी दिलं. आठवड्यात सगळं साफ झालं. चूक केली, पण ती निस्तरताना मागेपुढे पाहिलं नाही, एवढंच काय ते समाधान गेले दोन महिने तिला होतं.

आणि तीन आठवड्यांपूर्वी आबांच्या हातातून चहाचा कप पडला होता.

"इकडे बघ," रियाजने आपला पडदा तिच्यासमोर धरला. "चाळीसही स्वयंसेवक ठणठणीत आहेत, हे आपल्याला माहीत होतं. मी त्यांच्या घरची माणसं तपासली. आजारी कोण आहेत बघ."

ईश्वरीने नावांवरून नजर फिरवली. "पुरुष आहेत सगळे."

"वडील, सासरे, नवरे. त्याच घरांतल्या आया आणि बायका मात्र तुझ्या आईसारख्या ताकात मीठ मागताहेत. लहान मुलंही बरी आहेत."

"मग संप्रेरकांचा काही संबंध असेल."

"मलाही तेच वाटलं. पण शेजारच्या घरांत बायका पुरुषांइतक्याच आजारी आहेत. म्हणजे नुसतं बाई असून भागत नाही, स्वयंसेवकाच्या घरातली बाई असावं लागतं." तो खुर्ची ओढून बसला. "ईश्वरी, तुम्ही चाळीसजण माचीवरून काहीतरी घेऊन आलात."

"काय घेऊन येणार? वाळलेली पानं आणि बी."

"पोटातून. आपण सगळा वेळ विचारत बसलो की झाड विषारी आहे की नाही. प्रश्नच चुकला. विष एकट्या झाडात नसतं, ते झाड आणि खाणारा या दोघांत मिळून ठरतं. समज, माचीवरच्या लोकांच्या आतड्यात एक जीवाणू आहे आणि धुईन हेच त्याचं अन्न आहे. भाजी पोटात गेली की तो आधी धुईन फस्त करतो, रक्तापर्यंत पोचूच देत नाही. त्यांना ती भाजी आहे, आपल्याला ते विष आहे. तुम्हाला काही झालं नाही, कारण तो तुमच्याही पोटात शिरला. पण पहिल्याच दिवशी, चाळीसच्या चाळीस जणांच्या पोटात? तेवढं मला कळत नाही."

ईश्वरीला ते तत्काळ कळलं.

माचीवर नवं माणूस आलं, मग ती सून असो, पाहुणा असो की दात येऊ लागलेलं पोर असो, त्याला धुई तशीच वाढत नसत. घरातली थोरली बाई भाकरीवर भाजी घेऊन आधी आपण एक घास तोडायची आणि उरलेली भाकर नव्या माणसाच्या हातात द्यायची. कुणी म्हणायचं, दृष्ट लागू नये म्हणून. कुणी म्हणायचं, माणूस आपल्यातलं झालं म्हणून. खरं कारण कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणाला त्याची गरजही वाटत नव्हती. स्वयंसेवकांना वर नेण्याआधी ईश्वरीने त्यांना चांगलं बजावलं होतं. उष्टं म्हणून नाक मुरडायचं नाही. ती माणसं मानाने देतात, आपण मानाने घ्यायचं. चाळीसही जणांनी घेतलं. त्या प्रसंगाचं छायाचित्र ती प्रत्येक व्याख्यानात दाखवायची आणि लोक टाळ्या वाजवायचे.

"चाचणी सुरू व्हायच्या आधीच आम्ही ती नासवली," ती म्हणाली. "आणि तीही चांगुलपणाने."

"ते नंतर रड," रियाज म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "आधी हे ऐक. आबांच्या चरबीतलं धुईन पित्ताबरोबर आतड्यात उतरतं आणि तिथून परत रक्तात जातं. रहाटगाडगं चालू आहे. रक्त गाळून आपण वरवरचं काढतो, चरबी पुन्हा भरून देते. आतड्यात तो जीवाणू असला तर प्रत्येक फेऱ्यात तो धुईन खाईल आणि साठा रिकामा होईल. पुरेल इतकं खाणं त्याला आबांच्या पोटात आयतं आहे. फक्त विरजण हवं. एवढंसं विरजण. ते तुझ्या पोटात असणार!"

त्या दुपारी ईश्वरी जिना चढून आबांकडे गेली ती जवळजवळ धावत. त्यांचा थरथरता हात हातात घेऊन म्हणाली, "आबा, थोडं थांबा. फक्त थोडं थांबा." आबांनी मान हलवली. त्यांना वाटलं, ती बाहेर जाऊन येते आहे.

तिच्या नमुन्यात जीवाणू नव्हता.

रियाजने जनुकवाचक पुन्हा पुन्हा चालवला. मग बाकीच्या एकोणचाळीस जणांना बोलावलं. एकेकाचा निकाल तसाच येत गेला. शेवटी त्याने पडदा बंद केला आणि भिंतीकडे बघत बोलला.

"मी मूर्ख आहे. हे आधीच कळायला हवं होतं. तो धुईनशिवाय काही खात नाही. आणि ज्याच्या पोटात तो होता, त्याच्या अंगात धुईन साठलंच नाही, कारण त्यानेच ते साठू दिलं नाही. बंदी आली, तुम्ही भाजी सोडली, त्याचं जेवण बंद झालं. पंधरा-वीस दिवस तगला असेल."

"चाचणीच्या वेळचे नमुने?"

"रक्त आणि लघवी. आतड्यातलं काही ठेवायचं कुणाला सुचलं? आपण विष शोधत होतो, विष खाणारा नाही. धुईन पचवणारं त्याचं विकर नव्याने घडवता येईल, पण त्याला वर्षं लागतील. दूध घरोघर आहे, ईश्वरी. विरजण कुठेच नाही."

"माचीवर असेल. तिथे कुणीतरी चोरून खात असेल. खातच असेल!" बंदी मोडली गेली असावी म्हणून आपण देवाला विनवतो आहोत, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माचीवर पोचले. फवारणीयानांनी आपलं काम चोख केलं होतं. कातळ पांढुरके पडले होते आणि त्यांच्या भेगांत जळलेल्या मुळांची काजळी तेवढी होती. यमुना मेंगाळ, जिच्या हातचा पहिला घास ईश्वरीने खाल्ला होता ती म्हातारी, ओट्यावर शिध्याचे तांदूळ निवडत बसली होती. तिने ईश्वरीला ओळखलं. बस म्हणाली नाही.

"आजी, खरं सांगा," ईश्वरी तिच्यासमोर जमिनीवर बसली. "कुणी लपवून ठेवलीय का धुई? कुणी अजून खातंय का? मी कुणाला पकडून द्यायला आले नाही. माझे वडील मरायला टेकलेत. खाणारं एक माणूस जरी असलं तरी वाचतील."

"कशाची लपवती, बाई," यमुना तांदळातून नजर न काढता म्हणाली. "तुमची इमानं आली भनभन करीत. मागनं मानसं आली, ऱ्हायल्यालं समदं जाळून गेली. घरात शिरून मडकी सुदिक पालथी घातली. मी म्हनलं त्यांला, आरं, आमाला काय झालं न्हाय, आमच्या आज्यापंज्याला न्हाय. तं म्हनं, वरून हुकूम हाये, मोठ्या बाईंचा." आता तिने वर पाहिलं. "मोठी बाई मंजी तुमीच ना?"

"हो. मीच."

"तुमी माझ्या हातचं खाल्लं व्हतं. तवा वाटलं व्हतं, बाई आपली हाये."

म्हातारी रागावून ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. रियाजने वस्तीतल्या सगळ्यांचे नमुने घेतले, कुणी आढेवेढे घेतले नाहीत. गाडीतल्या छोट्या जनुकवाचकावर तो एकेक बघत होता आणि दर वेळी नकारार्थी मान हलवत होता.

"बी हाये ना तुमच्याकडं?" यमुनाने विचारलं. "धुईचं?"

"आहे. बीजकोषात थोडं ठेवलंय."

"मंग द्या की आमाला. लावू परत. ह्यो तांदूळ नुसता पोट फुगवितो. पोरं कायम धुईसाठी रडत्यात."

हे सांगायचं काम रियाजवर ढकलता आलं असतं. ईश्वरीने ढकललं नाही.

"आता नाही खाता येणार, आजी. तुम्हा लोकांच्या पोटात एक जीव होता, तो धुईचं विष खायचा. धुई बंद झाली तशी तो उपासाने मेला. आता धुई लावली तर ती तुम्हालाही बाधेल. आमच्यासारखीच."

यमुनाला पहिल्यांदा ते समजलंच नाही. मग समजलं आणि ती हसली. "आमाला? धुई बाधंल? आमाला?" तिने शेजारच्या ओट्यावरच्या बायकांकडे पाहिलं, त्यांनीही हसावं म्हणून. कुणी हसलं नाही. तिचं हसू तोंडावर तसंच थोडा वेळ राहिलं आणि मग विझलं. तिने सूप उचललं आणि ती आत निघून गेली.

परतीच्या वाटेवर रियाज गाडी चालवत होता. घाट उतरल्यावर ईश्वरी एकदम म्हणाली, "आई."

"काय?"

"आई धडधाकट आहे, म्हणजे तिच्यात तो होता. आणि आई कधी काही टाकत नाही, रियाज. शिळ्या भाकरीचा कुस्करा करते, भाज्यांची देठं सुकवते. तिने डब्यात धुई सुकवून ठेवली असेल आणि आबा आजारी पडेपर्यंत खाल्ली असेल. कदाचित अजूनही खात असेल. आपण तिचं नुसतं रक्त तपासलं."

रियाजने वेग वाढवला.

आई आबांच्या खाटेशी बसली होती. श्वासयंत्र उद्या लावायचं ठरलं होतं. आज आबा अजून गिळू शकत होते, म्हणून ती त्यांना भाताची पेज भरवत होती. ईश्वरीने धाप लागलेल्या आवाजात विचारलं, "आई, खरं सांग. मी रागावणार नाही. तुझ्याकडे सुकवलेली धुई आहे ना? तू खातेस ना अजून?"

आई दचकली. मग दुखावल्यासारखी म्हणाली, "मी? अगं, बंदीचा कागद आला त्याच दिवशी सगळी उपटली. डबाभर सुकवलेली होती, तीसुद्धा जाळायला दिली. शेजारच्या कुलकर्णीणबाई म्हणत होत्या, राहू द्या हो, आपल्याला कुठे काय झालंय. मी म्हटलं, माझ्या ईशूची सही आहे त्या कागदावर. एक पानसुद्धा ठेवणार नाही."

ईश्वरी खाटेच्या कडेवर बसली. आता विचारण्यासारखं जगात कुणीच उरलं नव्हतं. ती हमसून रडली नाही; नुसती डोळ्यांतून पाणी गळू देत बसली. आईने घाबरून तिचा खांदा धरला, तेव्हा तिने तुटक तुटक सगळं सांगितलं. माचीवरचा घास, पोटातला जीवाणू, विरजण.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण मी कुठे माचीवर आले होते? मला कुठून मिळालं ते विरजण?"

"माझ्याकडून. पण कसं, ते मलाही कळलेलं नाही."

"त्यात काय कळायचंय. तुझ्या ताटात नेहमी दोन घास राहतात. लहानपणापासूनची खोड आहे तुला, अर्धं टाकून उठायची. मला टाकवत नाही. तुझ्याच ताटात वाढून घेते मी."

ईश्वरीने मान वर केली. रियाजच्या पडद्यावरची चाळीस घरं तिच्या डोळ्यांसमोरून गेली. मुलांचं उष्टं आईच्या पोटात जातं, नवऱ्याचं बायकोच्या. आई आपल्या घासातला घास लहानग्याच्या तोंडात घालते. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या ताटात मात्र कुणाचं उष्टं कधी पडत नाही. त्याला आधी वाढतात, ताजं वाढतात, स्वच्छ डावाने वाढतात. आबांना वाढताना तर ईश्वरी स्वतः हात धुऊन यायची. दीड वर्षं ती रोज रात्री त्यांच्या शेजारी बसून जेवली होती. त्यांचं औषध तिच्या तोंडात होतं, आईच्या तोंडात होतं, आणि त्या घरात ते त्यांना कुणी देणं शक्यच नव्हतं.

हे सगळं ती मनात म्हणत होती. पण आई काही कमी हुशार नव्हती. तिच्या हातातला चमचा वाटीवर तसाच थांबला होता.

"म्हणजे माझ्या ताटातला एक घास ह्यांना दिला असता, तर?"

आईने ईश्वरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तेवढं पुरलं.

काही वेळ ती वाटीतल्या पेजेकडे बघत राहिली. मग तिने चमचा भरला, आधी आपल्या तोंडाला लावून त्यातली अर्धी पेज प्यायली आणि उरलेली आबांच्या ओठांशी नेली.

आबांचे डोळे मोठे झाले. जड जिभेने, अर्धे शब्द गिळत ते म्हणाले, "अगं, उष्टं आहे ते."

"असू दे," आई म्हणाली. "घ्या."

त्यात आता काही उरलेलं नव्हतं, हे ईश्वरीला ठाऊक होतं. सांगायला हवं, असंही तिला वाटलं. रियाज दाराशी उभा होता, त्याने मान फिरवली. आबांनी बायकोकडे थोडा वेळ पाहिलं आणि तोंड उघडलं. पेज गिळायला त्यांना फार वेळ लागला. आईने पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा भरून आधी आपल्या तोंडाला लावला.